गोधडीची रेघ व संगणकाची आज्ञावली

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाचे चिटणीस जेव्हा आमच्या घरी आले आणि, "गुरुजी, रजईच्या यंत्रासाठी कोणती आज्ञावली घ्यावी, या विषयावर यंदा आपण बोलावे," असे म्हणाले, तेव्हा आम्हांस प्रथम हसू आले. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला, सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे म्हणवून घेण्यात गेलेला मनुष्य संगणकावर भाषण करणार, हे ऐकून आमच्या नातवंडांनाही हसू आवरले नाही. परंतु चिटणिसांनी ज्या कारणास्तव आमची निवड केली, ते कारण आम्ही जाणतो, आणि ते आपणांपासून लपवून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. या बाबतीत आपल्या संस्थेच्या हातून पूर्वी एक चूक घडली आहे, आणि त्या चुकीच्या कागदावर खजिनदार या नात्याने आमची सही आहे.

आपली ज्ञाती सुईदोऱ्यावर जगलेली. तयार कपड्यांनी बाजारपेठ व्यापल्यापासून आपल्या पेठेतील किती दुकानांच्या फळ्या कायमच्या लागल्या, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्याची कहाणी आज सांगत बसत नाही. जे उरले आहे त्यात महिलांचा शिवणवर्ग हा एक जिवंत भाग आहे, आणि त्या वर्गासाठी २०१९ साली देणगीदारांच्या साहाय्याने संगणकावर चालणारे एक यंत्र घेण्यात आले. यंत्राबरोबर विक्रेत्याने नमुने तयार करण्याचे एक सॉफ्टवेअर, म्हणजे आज्ञावली, दिली. तिची किंमत निराळी लावली होती. आम्ही घासाघीस करून चार हजार रुपये कमी करून घेतले आणि मोठा पराक्रम केला, अशा समजुतीने सही केली. आज्ञावली कशी आहे हे आम्ही पाहिले नाही. वर्ग चालविणाऱ्या बाईंनाही विचारले नाही. विचारावे हे सुचलेच नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल.

त्या बाईंचे नाव त्यांच्याच विनंतीवरून येथे घेत नाही. त्यांनी अडीच वर्षे खपून त्या आज्ञावलीत चाळीस नमुने रेखाटले. कोयरी, बिल्वपत्र, पाण्याची लहर, मोगऱ्याची वेल, असे एकेक. ती आज्ञावली संगणकास एक लहानशी कुलुपाची कळ लावल्यावाचून उघडत नसे. तिला डोंगल म्हणतात. २०२२ च्या पावसाळ्यात वीज कडाडली त्यात संगणक गेला, आणि त्याच्याबरोबर कळही गेली. विक्रेत्याने तोपर्यंत तो धंदा सोडला होता. बाईंनी नमुन्यांच्या नकला जपून ठेवल्या होत्या, परंतु त्या ज्या प्रकारच्या फाइलींत होत्या त्या अन्य कोणतीही आज्ञावली उघडीना. हाती राहिल्या त्या केवळ यंत्रास द्यावयाच्या टाक्यांच्या फाइली. त्यांवरून नमुना शिवता येत होता, पण इंचभर मोठा वा लहान करता येत नव्हता. बाई आम्हांस एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, वही पाण्यात भिजली असती तरी अक्षरे दिसली असती." आम्हांस त्या रात्री झोप लागली नाही.

आता दुसरे यंत्र घेण्याचे घाटत आहे, आणि आज्ञावलीचा प्रश्न पुनः पुढे आला आहे. यास्तव गेले वर्षभर आम्ही या विषयाचा जो अभ्यास केला, सूनबाई व नातीस शेजारी बसवून जे शिकलो, ते आपणांपुढे ठेवतो.

आपल्याकडील भरतकामाच्या धंद्यात नमुना यंत्रासाठी तयार करण्यास 'पंचिंग' म्हणतात. हा शब्द संगणकाहून जुना आहे. १८६३ साली स्वित्झर्लंडमध्ये ईझाक ग्रोब्ली याने होडीच्या आकाराच्या धोट्याचे भरतकामयंत्र काढले, आणि पुढे त्या यंत्रांस भोके पाडलेल्या कागदाच्या पट्टीने आज्ञा देऊ लागले. नमुना सहा पट मोठा काढून एकेका टाक्याचे स्थान त्या पट्टीवर भोसकावयाचे, म्हणून ते पंचिंग. पट्टी गेली, संगणक आला, नाव मात्र तेच राहिले.

यंत्रावर रजई शिवण्याचे काम या भरतकामाचे भावंड आहे, पण जुळे नव्हे, आणि सर्व घोटाळा येथेच होतो. अमेरिकेत रजया शिवणे हा घरोघरी चालणारा जुना उद्योग आहे. तेथे लाँगआर्म नावाची यंत्रे असतात. दहा-बारा फूट लांबीच्या चौकटीवर रजईचे तिन्ही थर, म्हणजे वरचे कापड, मधला कापूस व खालचे अस्तर, ताणून बसवितात आणि यंत्राचे डोके रुळांवरून त्यावर फिरते. एरवी आपण कापड सुईखाली सरकवितो; येथे कापड स्थिर आणि सुईच भ्रमण करते. पूर्वी हे डोके दोन्ही हातांनी धरून फिरवीत. मग मिसूरी प्रांतातील पॉल स्टॅटलर यांच्या नावाने ओळखली जाणारी संगणकाची जोड निघाली, ती आज गॅमिल कंपनीच्या यंत्रांवर असते. हँडी क्विल्टर कंपनीची प्रो-स्टिचर आहे, निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांस बसविता येणारी इंटेलिक्विल्टर आहे. अशा एखाद्या यंत्राची किंमत एका मोटारगाडीइतकी पडते, म्हणून ती आपल्या विचारात नाहीत. परंतु रजईच्या नमुन्यांविषयी बारकाईने विचार त्या लोकांनी केला आहे, आणि तो विचार आपणांस फुकट घेता येतो.

भरतकामाची आज्ञावली आकार भरावयास शिकलेली असते. पान काढले की ते ती टाक्यांनी गच्च भरून टाकते, एक पान संपले की दोरा कापून दुसऱ्या पानावर उडी मारते. भरतकामास हे योग्यच आहे. ऑस्ट्रेलियातील विलकॉमची आज्ञावली आपल्याकडील कारखान्यांतून चालते ती याच कामासाठी, आणि ते काम ती उत्तम करते. तिसऱ्याच जातीची आज्ञावली म्हणजे अमेरिकेतील इलेक्ट्रिक क्विल्ट कंपनीची, जिची आठवी आवृत्ती २०१७ साली निघाली. तिच्यात कापडाचे तुकडे कसे जोडावेत, रंगसंगती कशी दिसेल, कापड किती लागेल याची मांडणी मुख्यतः करतात. नावात रजई आहे म्हणून ती आपल्या कामाची, असे समजून कोणी पैसे भरू नयेत. (आम्ही जवळजवळ भरलेच होते. सूनबाईंनी हात धरला.)

रजईस भरणे नको असते. तीस हवी असते रेघ. एकच, न तुटणारी, एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकास पोहोचणारी. जेथे रेघ तुटते तेथे यंत्र थांबते, दोरा कापते, गाठ मारते. आणि धुलाईत उसवते ती नेमकी ती गाठ.

हे वाचल्यावर आम्हांस आमच्या मातोश्रींची गोधडी आठवली. खाली एक जुने लुगडे, वर एक, मध्ये वडिलांच्या विरलेल्या धोतरांचे थर. एका कोपऱ्यातून धावदोरा निघावयाचा, कडेकडेने चारी बाजू फिरून यावयाचा, मग अंगठ्याच्या रुंदीइतका आत सरकून पुनः चारी बाजू, असे आत आत जात शेवटी मध्यावर. दोरा संपला तर नवा जोडीत, पण रेघ तुटू देत नसत. मध्यभागी आठ पाकळ्यांचे कमळ असे. ती गोधडी आज मंडपाच्या दाराशी मेजावर ठेविली आहे. तिचे वय आमच्याहून दोन वर्षांनी अधिक आहे. मातोश्रींस अक्षर येत नव्हते, परंतु अमेरिकन कारागीर ज्यास अखंड रेघेचा नमुना म्हणतात, तो त्यांच्या बोटांत होता.

शाळेत आम्ही मुलांना एक कोडे घालीत असू: पेन्सिल न उचलता व कोणतीही रेघ दोनदा न गिरविता ही आकृती काढा. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली कोनिग्सबर्ग शहरातील सात पुलांच्या प्रश्नातून याचा नियम काढला. ज्या बिंदूंत विषम संख्येने रेघा मिळतात असे बिंदू आकृतीत एकही नसले किंवा दोनच असले, तर ती एका रेघेत निघते. अधिक असले तर निघत नाही. चौकोनात दोन्ही कर्ण काढा. चारी कोपऱ्यांत तीन तीन रेघा येतात. म्हणजे विषम बिंदू चार, आणि कितीही डोके चालविले तरी ती निघणार नाही. मात्र एक बाजू दोनदा गिरविण्याची परवानगी दिली की निघते. मातोश्रींचे कमळ मध्यबिंदूपासून निघून मध्यबिंदूस परत येणारे आठ फेरे आहेत. मध्यात सोळा रेघा मिळतात, सोळा ही सम संख्या, म्हणून ते एका दमात शिवले जाते. रजईचा नमुना कागदावर काढताना हा नियम जवळ ठेवला, तर अर्धे काम संगणक लावण्यापूर्वीच होते. जेथे दोनदा गिरविणे अटळ असेल तेथे दुसरा टाका पहिल्यावर तंतोतंत बसला पाहिजे. केसभर सरकला तरी दोन रेघा दिसतात आणि काम अडाणी वाटते. म्हणून आज्ञावलीस गेलेल्या मार्गानेच परत येता येते की नाही, हे आधी पाहावे.

आम्ही त्या गोधडीच्या कमळाचे छायाचित्र काढून निरनिराळ्या आज्ञावलींची परीक्षा घेतली. काही चाचणीपुरत्या विनामूल्य मिळतात, काही परिचितांकडे पाहावयास मिळाल्या. विक्रेते सर्वांत अधिक कौतुक करतात ते चित्रावरून आपोआप रेघ काढण्याच्या सोयीचे. छायाचित्र द्या, कळ दाबा, नमुना तयार! आम्ही कळ दाबली. कमळ उमटले, परंतु प्रत्येक रेघेच्या दोन रेघा झाल्या. यंत्रास रेघ ही रेघ दिसत नाही. तो काळा पट्टा दिसतो आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही कडा ते आखते. मध्यरेषा शोधणारी सोयही काही ठिकाणी असते, पण जेथे दोन रेघा एकमेकींस छेदतात तेथे ती गोंधळून भलत्याच वाटेने जाते. मुलांच्या वह्या तपासून आमचे डोळे अशा चुकांस सरावले आहेत. शेवटी आपल्या हाताने चित्रावर रेघ गिरविणे यास पर्याय नाही, आणि नवख्या मनुष्याससुद्धा एक पाकळी गिरविण्यास पाच मिनिटे लागतात. म्हणून त्या जादूच्या कळीसाठी अधिक पैसे देऊ नयेत, असे आमचे मत आहे.

गिरविण्यातही खुबी आहे. वळण हे संगणकात चार बिंदूंनी बांधलेले असते: दोन टोके, आणि वळणास ओढून धरणारे दोन लगाम. फ्रान्समधील रेनो मोटार कारखान्यात काम करणाऱ्या पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्यांचे आकार आखण्यासाठी ही रीत प्रसिद्ध केली, आणि आज तीच रीत आमच्या मातोश्रींच्या पाकळीस उपयोगी पडते, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. नवखा मनुष्य पाकळीवर वीस बिंदू टाकतो आणि पाकळी दातेरी होते. तीनच बिंदू टाकावेत व लगामांनी आकार द्यावा. बिंदू वेचून कमी करणे, हलविणे, गुळगुळीत करणे ज्या आज्ञावलीत सोपे, ती चांगली.

आता चाळीस नमुन्यांच्या मुळाशी येऊ. नमुना दोन प्रकारे साठविता येतो. एका प्रकारात रेघेचे वर्णन असते: येथून निघाली, अशी वळली, येथे थांबली. दुसऱ्यात केवळ टाके असतात. यंत्रे वाचतात ती डीएसटी फाइल ही दुसऱ्या प्रकारची. सुई कोणत्या दिशेस किती दशांश मिलिमीटर सरकली, एवढेच तिला ठाऊक. रजईस इंचास दहा-बारा टाके घालतात, म्हणजे एक टाका सुमारे दोन ते अडीच मिलिमीटरांचा. टाक्यांची फाइल तशीच ओढून दुप्पट केली तर टाका पाच मिलिमीटरांचा होतो व अंथरुणात पायाच्या बोटास अडकतो. रेघेची फाइल दुप्पट केली तर रेघ दुप्पट होते आणि टाके नव्याने, योग्य मापाचे पडतात. आपल्या बाईंजवळ टाके राहिले, रेघ गेली. त्यांचे काय गमावले, ते या एका वाक्यात आहे.

यास्तव विक्रेत्यास पहिला प्रश्न हा विचारावा की, आमची रेघ तुमच्या आज्ञावलीतून रेघ म्हणूनच बाहेर काढता येते काय, आणि कोणत्या रूपात? अमेरिकेतही प्रत्येक कंपनीची फाइल निराळी: स्टॅटलरची क्यूएलआय, हँडी क्विल्टरची एचक्यूएफ, इंटेलिक्विल्टरची आयक्यूपी. तेथे नमुने विकणारे एकच नमुना आठ-दहा रूपांत देतात, आणि आर्ट अँड स्टिच यासारख्या आज्ञावल्या एका रेघेतून ही अनेक रूपे काढून देतात. त्यांचे खरे मोल त्यात आहे. कोणा एका यंत्राच्या मालकीची नसलेली रूपे म्हणजे एसव्हीजी, ज्याचे मानक २००१ साली जाहीर झाले, आणि नकाशे व आराखडे काढणाऱ्यांची डीएक्सएफ. आमच्या अनुभवात डीएक्सएफमध्ये एक धोका आढळला. ऑटोकॅडसाठी निघालेल्या या रूपात फाइल काढताना वळणांचे पुष्कळदा लहान लहान सरळ तुकडे होतात, आणि आमचे एक कमळ शंभराहून अधिक तुकड्यांत परत आले. यंत्राने प्रत्येक तुकड्यापाशी थबकून दोरा कापला असता. ते तुकडे पुनः जोडून घ्यावे लागतात. म्हणून विक्रेत्यासमोरच फाइल बाहेर काढावी, पुनः आत आणावी आणि मोजावी.

विनामूल्य मार्गही आहे. इंकस्केप नावाची चित्ररेखाटनाची आज्ञावली २००३ पासून सर्वांस मोफत आहे, आणि इंकस्टिच ही तिची पुरवणी रेघेवर धावदोरा घालून डीएसटी व इतर अनेक यंत्रांच्या फाइली देते. कळ नाही, कुलूप नाही, वार्षिक वर्गणी नाही. मूळ रेघ एसव्हीजीत राहते. तिची उणीव सांगितली पाहिजे. ती भरतकाम डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नमुना ओळीने बसविणे, ओळीचा शेवट व पुढच्या ओळीची सुरुवात एकाच उंचीवर जुळविणे, ही कामे आपण हाताने करावयाची. शिवाय अडचण आली तर ज्यास फोन करावा असा विक्रेता नाही. पण आमच्या विक्रेत्याचाही फोन लागला नव्हता, हे लक्षात घ्यावे.

कार्यकारी मंडळापुढे आमची सूचना अशी आहे. या वर्षी आज्ञावलीसाठी एक पैसाही खर्च करू नये. बाईंनी व वर्गातील मुलींनी मोफत आज्ञावलीत सहा महिने रेघा काढाव्यात, प्रत्येक नमुन्याची एसव्हीजी प्रत दोन निरनिराळ्या घरी ठेवावी. त्यानंतर बाई म्हणतील की अमुक काम हिच्यात होत नाही, तरच पैसे देऊन घेण्याचा विचार व्हावा, आणि ज्या यंत्रावर ती चालावयाची त्या यंत्रावर आपलाच नमुना शिवून पाहिल्यावाचून कोणीही सही करू नये. घेण्याच्या कागदावर खजिनदाराच्या सहीबरोबर बाईंची सही असावी. नमुनेही आपले असावेत. विकत घेतलेला कोणाचा नमुना गिरवून आपला म्हणून विकणे ही चोरी आहे, मग तो सातासमुद्रापलीकडचा का असेना.

बाईंनी चाळीसांपैकी अकरा नमुने पुनः काढले आहेत. टाक्यांची जुनी फाइल पडद्यावर दाखवून तिच्यावर नवी रेघ गिरवावी, अशी युक्ती त्यांनीच शोधली. आम्हांस ती सुचली नव्हती. बाकीच्या एकोणतीसांपैकी किती सापडतील ते त्या सांगतील.

शेवटी एक विनंती. आपणांपैकी ज्यांच्या घरी आई-आजीच्या हातच्या गोधड्या असतील, त्यांनी त्यांचे छायाचित्र काढून वर्गाकडे पाठवावे. गोधडी जमिनीवर सपाट पसरावी, छायाचित्र नेमके वरून घ्यावे, आणि शेजारी फूटपट्टी ठेवण्यास विसरू नये. त्यावाचून दोन रेघांमधील अंतर किती, हे आम्हांस कळत नाही. चित्राखाली शिवणारीचे नाव व गाव लिहावे. चित्रे दिवाळीपूर्वी आली तर बरे, कारण नंतर मुलींच्या परीक्षा आहेत.